दरबार महाल ते कलादालन : तंजावरच्या राजवाड्याची वाटचाल

तंजावरला गेलेला मराठी माणूस आधी बृहदीश्वराच्या देवळात जातो. राजराज चोळाने बांधलेले ते प्रचंड शिखर बघतो आणि प्राकाराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास शोधून काढतो. देवनागरी अक्षरांवरून बोट फिरवताना त्याचा ऊर भरून येतो. मग वेळ उरला, तर राजवाडा. माझे म्हणणे असे आहे की राजवाड्याला उरलेला वेळ देऊ नये. देवळाच्या भिंतीवर आपल्या लोकांचा इतिहास कोरलेला आहे. राजवाड्यात मात्र त्या लोकांनी काय वाचले, काय लिहिले, काय ऐकले आणि कशावर पैसा खर्च केला, ते सगळे हाताच्या अंतरावर आहे. शिवाय ती वास्तू आज राजाची नाही. तिकीट काढणाऱ्या कोणाचीही आहे.

या राजवाड्यातले कलादालन १९५१ साली सुरू झाले. त्याच्या पंचाहत्तरीच्या निमित्ताने, एका मोडकळीला आलेल्या राजवाड्याचे लोकांच्या कलास्थानात रूपांतर कसे झाले, याचा हा आढावा. त्यासाठी १९५१च्या बरेच मागे जावे लागते, कारण १९५१ साली राजवाड्यात कला आली असे झालेले नाही. कला तिथे तीन-चारशे वर्षे नांदतच होती. बदलले ते एवढेच, की दारावरचा पहारा उठला.

राजवाड्याचा पाया मराठ्यांचा नाही. सोळाव्या शतकात तंजावरच्या नायक राजांनी तो घातला आणि वाढवला. मदुरेच्या नायकांनी १६७३ साली तंजावरचे नायक घराणे बुडवले. पुढे विजापूरच्या वतीने आलेल्या एकोजीराजांनी, म्हणजे शिवाजी महाराजांच्या सावत्र भावाने, १६७५-७६च्या सुमारास गादीच घेतली. नव्या राजांनी नायकांचा महाल पाडून दुसरा बांधला नाही. आहे त्यातच राहिले, भर घातली, भिंती रंगवल्या, स्वतःचा दरबार उभा केला. म्हणून आजही एकाच आवारात नायकांचा दरबार महाल आणि मराठ्यांचा दरबार महाल असे दोन्ही सापडतात. नायकांचे उंच शस्त्रागार-गोपुर आणि सर्जा माडीही तिथेच. वास्तू कोणत्या राजाने बांधली आणि कोणत्या राजाने वापरली, हा हिशेब तंजावरात नीट लागत नाही. तो लावायचा अट्टहासही करू नये.

जी गोष्ट वास्तूची, तीच भाषेची. एकोजींचे चिरंजीव शहाजीराजे १६८४ साली गादीवर आले. हा राजा स्वतः नाटककार होता. त्याच्या नावावर मराठी नाटके आहेत, तेलुगू यक्षगाने आहेत, आणि ‘पंचभाषाविलास’ नावाचे एक नाटक आहे, ज्यात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा रंगमंचावर येतात. महाराष्ट्रात आपण मराठी नाटकाची सुरुवात सांगलीच्या १८४३च्या ‘सीतास्वयंवरा’पासून मोजतो. त्याच्या दीडशे वर्षे आधी कावेरीकाठी मराठी संवाद आणि मराठी पदे असलेली नाटके लिहिली जात होती. ती दरबाराची नाटके, त्यांना तिकीट नव्हते, गाव नव्हते, म्हणून त्यांची गणना वेगळी, हे मान्य. पण त्यांचा नुसता ओझरता उल्लेख करून पुढे जाणेही बरोबर नाही. शहाजींचे भाऊ तुळजाजी यांनी ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. कर्नाटक संगीताचा अभ्यास करणाऱ्याला तो आजही उघडावा लागतो.

मग येतात सरफोजी दुसरे. या राजवाड्याची आज जी काही ओळख आहे, तिचा मोठा वाटा या एका माणसाकडे जातो. ते १७९८ साली गादीवर बसले आणि पुढच्याच वर्षी, १७९९च्या तहाने, राज्याचा कारभार इंग्रजांच्या कंपनीकडे गेला. राजाला उरले तंजावरचा किल्ला आणि आसपासचा थोडा मुलूख, वर्षाला एक लाख पागोड्यांची नेमणूक आणि महसुलाच्या निव्वळ उत्पन्नाचा पाचवा हिस्सा. सैन्य नाही, न्याय नाही, कर नाहीत. अशा स्थितीत दुसऱ्या कोणी शिकार आणि जेवणावळीत दिवस काढले असते. सरफोजींनी राजवाड्याच्या भिंतींच्या आत एक वेगळेच राज्य उभे केले.

डेन्मार्कच्या मिशनमधून आलेल्या श्वार्त्झ या जर्मन धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली ते वाढलेले. इंग्रजी उत्तम, इतर युरोपीय भाषांचीही ओळख. नायकांच्या काळापासून चालत आलेला ग्रंथसंग्रह त्यांनी पद्धतशीर वाढवला. १८२०च्या सुमारास ते काशीयात्रेला गेले, तेव्हा बरोबर पंडित आणि लेखक घेऊनच गेले. जिथे पोथी मिळाली तिथे ती मिळवली, नाही मिळाली तिथे नक्कल करून घेतली. युरोपातून छापील पुस्तकांच्या पेट्या मागवल्या. त्या पुस्तकांवर राजाची इंग्रजी स्वाक्षरी आहे. राजवाड्यात देवनागरी छापखाना निघाला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच तिथून इसापनीतीचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ छापून बाहेर पडले. पुण्यात तेव्हा दुसरा बाजीराव पेशवा होता.

मला सर्वांत मोलाची वाटते ती त्यांची ‘देवेंद्र कुरवंजी’. कुरवंजी हा दक्षिणेतला नाट्यप्रकार. डोंगरातली कुरवंजी, म्हणजे भविष्य सांगणारी भटकी बाई, नायिकेला तिच्या प्रियकराची वार्ता सांगते आणि सांगताना आपण हिंडलेल्या डोंगरांचे, नद्यांचे, गावांचे वर्णन करते. सरफोजींनी हा साचा घेतला आणि त्यात जगाचा भूगोल भरला. त्यांची कुरवंजी इंद्राणीला देश, खंड आणि समुद्र सांगते, तेही मराठीत. मनोरंजनाच्या पोटात शिक्षण कसे घालावे, याचे असे उदाहरण त्या काळात दुसरे मला माहीत नाही. नाचासाठी त्यांनी मराठीत ‘निरूपणे’ रचली. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ याच दरबाराशी जोडलेले. आज भरतनाट्यमचा जो क्रम अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंत जगभर शिकवला जातो, तो बसवण्याचे श्रेय या चौघांना दिले जाते. राजवाड्यात पाश्चात्त्य वाद्यांचे बँडपथक होते. त्यांच्या सुरावटी युरोपीय स्वरलिपीत लिहिलेल्या वह्या संग्रहात आहेत. व्हायोलिन कर्नाटक संगीतात रुजले, त्या घडामोडीतही तंजावर दरबाराचे नाव येते.

हे एवढे विस्ताराने सांगितले, कारण पुढे जे कलादालन झाले ते रिकाम्या वास्तूत झालेले नाही. एखाद्या ओसाड महालाची डागडुजी करून त्यात बाहेरून चित्रे आणून लावणे वेगळे. जिथे कलेचाच संसार होता त्या घराचे दार लोकांना उघडणे वेगळे.

सरफोजी १८३२ साली गेले. त्यांचे चिरंजीव शिवाजीराजे १८५५ साली मुलगा नसताना वारले, आणि कंपनीने गादी खालसा केली. १८५६ साली कंपनीचे कमिशनर फोर्ब्स शिपायांसह राजवाड्यात आले, खोल्यांना कुलपे पडली, मोहोरा लागल्या. राज्य तर गेलेच होते. आता घरातली भांडी, दागिने, पुस्तकेसुद्धा कोणाची, असा प्रश्न उभा राहिला. राणी कामाक्षीबाईंनी हार मानली नाही. त्या मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेल्या आणि तिथे जिंकल्या. कंपनीच्या बाजूने लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलात अपील झाले. १८५९ साली तिथे निकाल उलटला : ही सत्तेने केलेली कृती आहे, ती न्याय्य की अन्याय्य हे तपासण्याचा अधिकार कोर्टाला नाही. ‘सत्तेची कृती’ या विषयावर आजही कायद्याचे विद्यार्थी हा खटला वाचतात. त्या निकालामागे एक विधवा राणी आणि तिच्या घराची कुलपे आहेत, हे त्यांना सांगायला हवे. पुढे १८६२ साली सरकारने खासगी मालमत्ता राण्यांना परत दिली, हक्क म्हणून नव्हे, मेहरबानी म्हणून. पण परत दिली. ती त्याच वेळी लिलावात फुंकली गेली असती, तर आज लिहिण्यासारखे काही उरले नसते.

त्यानंतरचा काळ हा मोठ्या घराच्या हळूहळू खचण्याचा. उत्पन्न नाही, माणसे कमी होत चाललेली, पावसाळ्यात गच्च्या गळणाऱ्या. ग्रंथालयाला मात्र एक वाली भेटला. ए. सी. बर्नेल हे तंजावरचे जिल्हा न्यायाधीश संस्कृतचे जाणकार होते. त्यांनी राजवाड्यातल्या संस्कृत पोथ्यांची वर्गीकृत सूची तयार केली आणि ती १८८० साली छापून आली. युरोपातल्या अभ्यासकांना तंजावरचा पत्ता त्या सूचीने दिला.

राजवाडा लोकांचा होण्याचे पहिले पाऊल १९१८ साली पडले. वारसांच्या संमतीने ग्रंथालय मद्रास सरकारने सार्वजनिक न्यासाच्या रूपात घेतले आणि त्याला ‘तंजावर महाराजा सरफोजी सरस्वती महाल ग्रंथालय’ असे नाव मिळाले. हे पाऊल पुस्तकांपासून पडले, याचे मला फार समाधान वाटते. ग्रंथालय उघडे आहे म्हटल्यावर गावातल्या इतर घरांनीही आपल्या पोथ्या आणून दिल्या. जंबूनाथभट लांडगे, कागलकर, पतंग अवधूत ही नावे त्यात आहेत. आज संस्कृत पोथ्या अर्थातच बहुसंख्य आहेत, तरी मराठी हस्तलिखितेच तीन हजारांच्या वर आहेत, आणि दरबारच्या मोडी कागदपत्रांची बासने शेकड्यांनी मोजावी लागतात. १९८३ साली भारत सरकारने या ग्रंथालयाला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा दिला. त्याच्या छोट्या संग्रहालयात शार्ल ल ब्रँ या फ्रेंच चित्रकाराची ती प्रसिद्ध रेखाटने बघायला मिळतात, ज्यांत माणसाचा चेहरा आणि प्राण्याचा चेहरा शेजारीशेजारी ठेवून साम्य दाखवले आहे. घुबड आणि घुबडासारखा माणूस, उंट आणि उंटासारखा माणूस. शाळेची मुले तिथून हलायला तयार नसतात. दोनशे वर्षांपूर्वी राजासमोर उघडली गेलेली चित्रे आज कुंभकोणमच्या एखाद्या शाळेतली सातवीची मुलगी बघते, यापेक्षा सार्वजनिक कलास्थानाकडून वेगळी अपेक्षा ती काय करायची?

कलादालनाचा जन्म मात्र एका भांडणातून झाला. दालनाच्या इतिहासात असे सांगितले जाते की १९५१ साली तंजावरजवळच्या करंदै भागातली ब्रह्मदेवाची एक जुनी पाषाणमूर्ती कलकत्त्याला नेण्याचे घाटत होते. सरकारी परवानगीसुद्धा होती. लोक आडवे आले. आमचा देव इथून हलणार नाही, असे त्यांचे म्हणणे. जिल्हाधिकाऱ्यांपुढे पेच पडला : मूर्ती उघड्यावर ठेवावी तर उद्या दुसरे कोणी उचलेल, दूर पाठवावी तर गाव पेटेल. त्यांनी मूर्ती राजवाड्यात आणली. एक आणल्यावर ध्यानात आले की जिल्ह्यात अशा बेवारस मूर्ती कितीतरी आहेत. पडक्या देवळांत, शेताच्या बांधावर, झाडाखाली. त्या गोळा करायच्या, नायकांच्या दरबार महालात मांडायच्या आणि दार उघडे ठेवायचे, असे ठरले. शहाणपणा कसा, तर लोकांच्या हट्टाला विरोध समजण्याऐवजी त्यांनी त्यालाच पाया बनवले. संग्रहालये बहुधा अभ्यासकांच्या किंवा धनिकांच्या इच्छेने निघतात. इथे ‘नेऊ देणार नाही’ म्हणणाऱ्या सामान्य माणसांनी एक संस्था उभी राहायला लावली.

त्याला कायद्याची साथ मिळाली. जमिनीत पुरलेले धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचे, हा १८७८चा कायदा. कावेरीच्या खोऱ्यात परचक्राच्या काळात पुजाऱ्यांनी उत्सवमूर्ती जमिनीत पुरून ठेवल्या आणि पुढे ज्यांना जागा ठाऊक होती तेच राहिले नाहीत. नांगराचा फाळ लागावा किंवा पाया खणताना कुदळ अडावी आणि शिवपार्वती वर यावेत, हे तिथे पुनःपुन्हा घडले आहे. तिरुवेंकाडू गावच्या मूर्ती अशाच मिळाल्या आणि तंजावरच्या दालनात आल्या. उलट उदाहरणही त्याच मुलुखातले आहे. पत्तूर गावात १९७६ साली मजुराला नटराज सापडला. त्याने कळवले नाही, मूर्ती हातोहात लंडनला पोचली, आणि ती परत आणायला भारताला तिथल्या कोर्टात वर्षानुवर्षे झगडावे लागले. १९९१ साली नटराज परतला. दालन म्हणजे नुसती बघण्याची सोय नव्हे, हे या दोन घटना शेजारी ठेवल्या की कळते.

तिरुवेंकाडूच्या मूर्तींपैकी एकीपुढे थोडे थांबू. वृषभवाहन शिव. राजराजाच्या कारकिर्दीच्या सव्विसाव्या वर्षी, म्हणजे १०११ साली, ती घडवली गेली. त्याच्यासोबतची देवी पुढच्या वर्षीची. शिव उभा आहे, पण ताठ नाही. एक पाय दुसऱ्यावरून आडवा टाकलेला, कंबर किंचित कलती, आणि उजवा हात कोपरात वाकवून टेकलेला. कशावर टेकलेला? तर हवेवर. नंदी होता, तो हरवला. कित्येक शतके जमिनीत काढून धनी वर आला, वाहन आले नाही. तरीही बघणाऱ्याला नंदी दिसतो. त्या बोटांच्या ढिलाईवरून त्याच्या वशिंडाची उंची कळते, तो शांत उभा आहे हेही कळते. डोक्यावर जटा पागोट्यासारख्या गुंडाळल्या आहेत आणि गुंडाळीत नाग आहेत. समोरून बघून झाले की मागे जावे. पाठीचा पन्हाळा आणि मानेवरची बट इतकी जिवंत, की ती उत्सवात वस्त्राखाली झाकली जाणार हे माहीत असूनही मूर्तिकाराने सोडलेली नाही. मेणाची मूर्ती करून तिच्यावर नदीच्या गाळाच्या मातीचे लेप द्यायचे, मेण वितळवून काढायचे आणि पोकळीत रसरशीत धातू ओतायचा, ही रीत. साचा फोडावा लागतो, म्हणून एका मूर्तीसारखी दुसरी होत नाही. कुंभकोणमजवळच्या स्वामीमलैत स्थपती आजही याच रीतीने काम करतात.

याच नायक दरबार महालात सरफोजींचा संगमरवरी पुतळा आहे. तो घडवला लंडनच्या जॉन फ्लॅक्समनने. राजा उभा आहे आणि त्याचे दोन्ही हात जोडलेले आहेत. तलवार उपसलेली नाही, घोडा नाही, पायाखाली शत्रू नाही. याच शिल्पकाराने श्वार्त्झच्या स्मारकासाठी दुसरे शिल्प केले, ज्यात सरफोजी आपल्या गुरूच्या मृत्युशय्येपाशी उभे आहेत. तेही तंजावरातच, चर्चमध्ये बघायला मिळते. पांढऱ्या संगमरवरातला विलायती घडणीचा मराठी राजा, भोवती चोळांच्या मूर्ती, आणि वर नायकांचे छत. कोणी मुद्दाम मांडणी करून हे साधले असते, तर कृत्रिम वाटले असते. इथे ते इतिहासानेच मांडून ठेवले आहे.

राजवाड्यात एक देवमाशाचा सांगाडाही आहे. समुद्रकिनाऱ्यावर वाहून आलेला तो अवाढव्य जीव इथे आणून ठेवला गेला. कलादालनात त्याचे काम नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पोरांना त्याचे अप्रूप वाटते हे खरे, पण त्याला दुसरी चांगली जागा मिळावी आणि ती जागा कलेला मोकळी व्हावी.

आता वास्तूच्या दुरुस्तीविषयी. राजवाडा म्हटले की लोकांना दगड आठवतो. तंजावरचा हा राजवाडा मुख्यतः विटा आणि चुन्याचा आहे. खांब, कमानी, छताच्या घुमट्या, मराठा दरबारातली गजबजलेली रंगीत नक्षी, हे सारे चुन्याच्या गिलाव्यात. चुन्याच्या भिंतीला श्वास घेता येतो. जमिनीतून ओल वर चढते आणि पृष्ठभागातून उडून जाते. अशा भिंतीवर सिमेंट थापले की ओल आत कोंडते, मग मीठ फुलते, गिलावा फुगतो आणि रंगासकट गळून पडतो. अशा दुरुस्तीने बिघडलेल्या जुन्या वास्तू देशभर आहेत. म्हणून आधी सिमेंट खरवडायचे, मग चुना भिजत घालून मुरवायचा, आणि दक्षिणेच्या रीतीप्रमाणे त्यात हिरडा आणि गूळ भिजवलेले पाणी घालून तो घोटायचा, अशा क्रमाने जावे लागते. मुरलेला चुना बोटांत लोण्यासारखा लागला पाहिजे, असे जाणते गवंडी सांगतात. याला वेळ लागतो, आणि सरकारी आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. राज्याच्या पुरातत्त्व खात्याने मराठा दरबार आणि आजूबाजूचे भाग टप्प्याटप्प्याने सावरले आहेत. काम संथ चालते म्हणून टीका होते. मी ती करणार नाही. चुन्याचे काम संथच चालले पाहिजे. जुन्या रंगावर नवा भडक रंग चढवण्याची घाई मात्र कुठेही होता कामा नये, आणि त्याविरुद्ध बोलायला आपण कचरू नये. मूर्तींची काळजी याच्या उलट्या टोकाची. धातूला ओलसर, खारी हवा सोसत नाही, हिरवट पुटकुळ्या उठतात आणि आतून पोखरत जातात. म्हणजे श्वास घेणाऱ्या भिंतींच्या दालनात ओल न सोसणाऱ्या वस्तू ठेवायच्या आहेत. राजवाड्याचे कलादालन करणाऱ्या कोणालाही हा पेच टळत नाही. नवी इमारत बांधणाऱ्याला तो येत नाही.

दुसरी अडचण कारभाराची. ग्रंथालय एकाकडे, कलादालन दुसऱ्याकडे, दरबार पुरातत्त्व खात्याकडे, आणि सदर महालाचा भाग राजघराण्याच्या वंशजांकडे. ते तिथेच राहतात आणि त्यांनी स्वतःचे संग्रहालयही लोकांसाठी उघडले आहे. एका आवारात इतकी दारे आणि इतकी तिकिटे. परगावाहून आलेला माणूस एक तिकीट काढतो, एक दालन बघतो आणि राजवाडा बघितला असे समजून परततो. सरफोजींच्या दरबारात ग्रंथ, मूर्ती आणि नाच या गोष्टी वेगळ्या खात्यांत विभागलेल्या नव्हत्या. एकाच तिकिटावर, एकाच वाटेने आणि तमिळ, इंग्रजी, मराठी अशा तिन्ही भाषांतल्या फलकांसह सगळा राजवाडा दाखवता आला, तर खर्च फार नाही आणि लाभ मोठा आहे. हे सर्व संबंधितांनी एकत्र बसून ठरवावे, असा आग्रह या स्मरणिकेच्या पानांतून धरायला हरकत नसावी.

तिसरी गोष्ट मला सर्वांत निकडीची वाटते. बघण्याच्या कला राजवाड्यात परत आल्या. ऐकण्याच्या आणि खेळण्याच्या कला अजून पुरत्या आलेल्या नाहीत. राजवाड्यात संगीत महाल आहे, गाण्याबजावण्यासाठीच बांधलेला. १९८०च्या दशकात भारत सरकारने देशभर विभागीय सांस्कृतिक केंद्रे काढली, तेव्हा दक्षिण विभागाचे केंद्र चेन्नई-बंगळूर सोडून तंजावरला दिले, ते उगाच नाही. जवळच तिरुवैयारूला त्यागराजांच्या आराधनेसाठी दरवर्षी गायक-वादक लोटतात. म्हणजे कलावंत आहेत, रसिक आहेत, जागा आहे. संहितासुद्धा आहेत आणि त्या सरस्वती महालाने छापूनही काढल्या आहेत. ‘देवेंद्र कुरवंजी’ १९५०च्या सुमारास प्रसिद्ध झाली. नाही ते एवढेच, की त्या कपाटातून उचलून महालाच्या जमिनीवर आणणारे हात.

यात तंजावर मराठी बोलणाऱ्या घरांचे काम महत्त्वाचे आहे. साडेतीनशे वर्षांत ज्या मराठीने तमिळचा हेल घेतला, जुने शब्द जपले आणि स्वयंपाकघरात व देवघरात तग धरला, तिच्या कानालाच शहाजीराजांच्या पदांची चाल नीट कळेल. पुण्या-मुंबईच्या नटांनी येऊन ती प्रमाण मराठीत म्हटली तर शब्द पोचतील, लय पोचणार नाही. मोडी वाचणाऱ्यांचेही तसेच. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने दरबारच्या मोडी कागदांची तमिळ भाषांतरे प्रसिद्ध केली. म्हणजे आपल्या पूर्वजांचे हिशेब आणि हुकूम तमिळ वाचकाला आपल्याआधी वाचायला मिळाले. त्यांचे आभार मानावेत आणि महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी दरवर्षी चार-दोन मोडी शिकलेली मुले तंजावरला पाठवावीत.

सुरुवात ‘पंचभाषाविलासा’ने करावी. पाच भाषांचे नाटक, म्हणून पाच गावांचे कलाकार लागतील. संस्कृतसाठी कुंभकोणमच्या पाठशाळेतले, तेलुगूसाठी मेलट्टूरच्या भागवतमेळ्यातले, तमिळसाठी तंजावरचे, हिंदीसाठी उत्तरेतून कोणी, आणि मराठीसाठी तंजावर मराठी घरांतली मुले. मेलट्टूरचे भागवतर दरवर्षी नरसिंह जयंतीला रात्रभर नाटके करतातच, त्यांना हे नवे नाही. तालीम संगीत महालात व्हावी, प्रयोग मराठा दरबारासमोरच्या मोकळ्या जागेत. पुरातत्त्व खात्याच्या अटी असतील : भिंतीला खिळा नाही, दिव्यांची धग रंगांना लागायची नाही, आवाजाचे खोके कमानींपासून लांब. त्या सगळ्या पाळून प्रयोग होऊ शकतो, कारण शहाजीराजांच्या वेळी विजेचे दिवेही नव्हते आणि खोकेही नव्हते. तेलाचे दिवे, मृदंग, टाळ आणि माणसाचा गळा एवढ्यावर ते नाटक उभे राहिले होते. दालनाच्या पंचाहत्तरीचे वर्ष संपायच्या आत पहिली तालीम तरी लागावी.